धर्माची गाय कोणाच्या गोठ्यातली?

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे दोन प्रकारची पुस्तके घरोघर फिरू लागतात. एक दिवाळी अंक आणि दुसरे पावतीपुस्तक. पहिले आपण हौसेने विकत आणतो. दुसरे आपण होऊन दारी येते आणि चहा झाल्याशिवाय परत जात नाही. वाचनालय, वसतिगृह, अंधशाळा, व्याख्यानमाला, कामे सगळी चांगली असतात, आणि ती घेऊन येणारी माणसेही बहुधा आपल्या ओळखीची, वहाणा झिजवणारी, भली माणसे असतात. मी स्वतः एका लहानशा विद्यार्थी सहाय्यक निधीच्या कार्यकारी मंडळावर बरीच वर्षे आहे. त्यामुळे पावतीपुस्तकाच्या दोन्ही अंगांची मला चांगली ओळख आहे. देणाऱ्याला वाटते, हे लोक फार मागतात. मागणाऱ्याला वाटते, हा गृहस्थ फार थोडे देतो. मात्र एक प्रश्न या दोघांच्या बोलण्यात सहसा निघत नाही. तो म्हणजे, हा पैसा मुळात कोणाचा?

हे न विचारण्याला आपल्याकडे म्हणीचाही आधार आहे. 'धर्माची गाय आणि दात का नाय?' फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजत बसू नये, ही शिकवण सभ्यपणाची आहे आणि मला ती मान्य आहे. शंभराची अपेक्षा असताना कोणी पंचवीस दिले तर ते हसतमुखाने घ्यावे. पण गाईचे दात मोजणे निराळे आणि ती कोणाच्या गोठ्यातून सोडून आणली आहे हे विचारणे निराळे. पहिल्यात हावरेपणा आहे, दुसऱ्यात साधा प्रामाणिकपणा आहे. दुसरा प्रश्न राहून गेला म्हणजे भल्या माणसांची केवढी पंचाईत होते, याचे एक मोठे उदाहरण काही वर्षांपूर्वी साऱ्या जगाने पाहिले.

एफटीएक्स नावाची एक पेढी होती. क्रिप्टो म्हणून जे आभासी चलन निघाले आहे, त्याच्या खरेदी-विक्रीचा हा बाजार. कचेरी बहामा बेटांवर आणि गिऱ्हाइके जगभर. तिचा संस्थापक सॅम बँकमन-फ्रीड हा तिशीतला तरुण. आपण पैसा मिळवतो तो देऊन टाकण्यासाठीच, असे तो सांगत असे. त्याच्या पैशावर २०२२ च्या फेब्रुवारीत 'फ्यूचर फंड' नावाचा निधी सुरू झाला. महासाथी कशा रोखाव्यात, कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोके कसे टाळावेत, अशा विषयांवर काम करणाऱ्या संस्थांना आणि व्यक्तींना त्याने काही महिन्यांतच दहा कोटी डॉलरांहून अधिक रकमा मंजूर केल्या. पण वर्ष सरायच्या आत सारे संपले. १० नोव्हेंबरला निधीच्या कार्यकर्त्यांनी राजीनामे दिले आणि ११ तारखेला पेढीने दिवाळखोरीचा अर्ज केला. गिऱ्हाइकांनी सांभाळायला दिलेला पैसा मालकाच्याच दुसऱ्या कंपनीकडे वळवला गेला होता आणि सुमारे आठ अब्ज डॉलरांचा खड्डा पडला होता. २०२३ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमधील ज्यूरीने त्याला दोषी ठरवले आणि २०२४ च्या मार्चमध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली.

या कथेतला लबाड मला फारसा कुतूहलाचा वाटत नाही. लबाड सगळीकडे सारखेच असतात. मला विचार करायला लावले ते ज्यांच्या हातात त्याचे अनुदान पडले होते, त्या लोकांनी. कोणी त्या भरवशावर काम अंगावर घेतलेले, कोणी माणसे नेमलेली. पेढी बुडाली त्या दिवशी गुन्हा शाबीत झालेला नव्हता. तो व्हायला पुढे एक वर्ष लागले. त्या वर्षभरात या लोकांनी काय करावे? पैसा खर्चावा, की थांबावे? ठेवावा, की परत करावा? आणि परत करायचा तर कोणाला?

असा प्रश्न निघाला की बहुतेक मंडळी दोन तटांत वाटली जातात. एक तट म्हणतो, पैशाला वास नसतो. रोमचा सम्राट व्हेस्पासियन याने मुताऱ्यांवर कर बसवला, तेव्हा मुलाने नाक मुरडले. त्यावर बापाने त्या कराचे नाणे त्याच्या नाकाशी धरून वास येतो का, असे विचारले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. दुसरा तट म्हणतो, वाईट पैसा चांगल्या कामालाही बाटवतो. या तटाची मोठी लढाई अमेरिकेत १९०५ साली झाली, आणि तिचा धागा आपल्या मुलखापर्यंत येतो. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेला जॉन रॉकफेलर याने एक लाख डॉलर दिले. याच संस्थेची अमेरिकन मराठी मिशन आपल्याकडे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, काम करीत होती. 'ज्ञानोदय' तिचाच आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांचे त्या काळातले वास्तव्यही तिच्याच परिसरातले. रॉकफेलरच्या तेलाच्या व्यापाराने प्रतिस्पर्ध्यांना कसे चिरडले, रेल्वे कंपन्यांकडून गुप्त सवलती कशा मिळवल्या, हे तेव्हा गाजत होते. वॉशिंग्टन ग्लॅडन नावाच्या धर्मोपदेशकाने हा कलंकित पैसा नको म्हणून मोठे काहूर उठवले. बोर्डाने पैसा ठेवून घेतला. त्याच वर्षी बर्नार्ड शॉचे 'मेजर बार्बरा' रंगभूमीवर आले आणि दारूवाल्याचा व तोफा बनवणाऱ्याचा पैसा घेणारी धर्मसंस्था प्रेक्षकांना पाहायला मिळाली.

हा वाद वाचताना मला वाटते की दोन्ही तट एकाच चुकीच्या प्रश्नाभोवती भांडत आहेत. पैसा शुद्ध की अशुद्ध, सोवळा की ओवळा, असा तो प्रश्न. सोवळ्या-ओवळ्याची आपल्याला इतकी सवय आहे की आपणही तोच चटकन विचारतो. पण पेढी बुडाली असताना विचारायचा प्रश्न त्याहून पुष्कळ साधा आहे. हा पैसा आहे कोणाचा? रॉकफेलरचा पैसा कोणाला कितीही काळा वाटो, कायद्याने तो त्याचा होता. त्या लाख डॉलरांवर बोट ठेवून हे माझे आहेत असे म्हणणारा कोणी बोर्डाच्या दारात उभा नव्हता. ठेवी बुडवणाऱ्याच्या देणगीचे तसे नाही. तिथे ठेवीदाराच्या हातात पावती असते, पावतीवर आकडा असतो आणि तो आकडा दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने खर्ची पडलेला असतो.

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. नारदाने विचारले, तुझ्या पापात बायकामुले वाटेकरी आहेत का? वाल्या घरी गेला, आणि घरच्यांनी स्पष्ट सांगितले की, तुझे पाप तुझे. आम्हांला पोसणे हे तुझे कामच होते. कीर्तनात या ठिकाणी घरच्यांचा स्वार्थीपणा रंगवतात. मला मात्र घरच्यांचे म्हणणे अगदी बिनतोड वाटते. त्यांनी कोणाला लुटले नव्हते, पाप त्यांना लागण्याचे कारण नव्हते. पण नारदाने आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. पाप तुमचे नाही हे कबूल. पण घराच्या कोपऱ्यात वाटसरूंची जी गाठोडी पडली आहेत, ती तुमची आहेत का? निष्पापपणा आणि मालकी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली सिद्ध केल्याने दुसरी मिळत नाही.

आपला कायदाही हेच सांगतो, आणि आजचे नाही, फार पूर्वीपासून सांगत आला आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५३ वे कलम असे आहे की, सावकारांना चुकवण्यासाठी कोणी आपली स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली, तर सावकारांना तो व्यवहार रद्द करून घेता येतो. यातून कोण वाचतो? ज्याने ती मालमत्ता सद्भावनेने आणि मोबदला देऊन घेतली तो. 'आणि' हा शब्द महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या रक्षणासाठी १९९९ साली जो खास कायदा झाला, त्यातही हीच कसोटी आहे. बुडालेल्या पेढीच्या मालकाला ज्या वाण्याने तांदूळ विकला, तो वाणी सुरक्षित. त्याने तांदूळ दिला आहे. त्याच मालकाने ज्या रुग्णालयाला देणगी दिली, ते रुग्णालय कितीही सज्जन असो, त्याच्याजवळ सद्भावना आहे पण मोबदला नाही. वाणी वाचतो आणि धर्मकार्य अडकते, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. थोडा विचार केला की पटते. वाण्याकडून पैसा काढून घेतला तर त्याचा तांदूळ गेला. आपल्याकडून काढून घेतला तर, जे कधी आपले नव्हतेच तेवढेच गेले.

हे सारे तत्त्वज्ञान कागदावर फार सोपे आहे. आमच्या निधीच्या सभेत ते तितके सोपे राहिले नाही. गावातल्या एका पेढीच्या मालकाने आम्हांला दोन लाख रुपये दिले होते. ऐंशी हजार मुलांच्या फीसाठी खर्च झाले, एक लाख वीस हजार शिल्लक होते, आणि अशातच गणपतीनंतर एका सोमवारी पेढीचे दार उघडले नाही. तक्रारी झाल्या, चौकशी सुरू झाली. निकाल कशाचाच नव्हता. आम्ही आठजण शाळेच्या एका रिकाम्या वर्गात, मुलांच्या बाकांवर अवघडून बसलो होतो.

आमच्यातले वकीलसाहेब म्हणाले, "गुन्हा शाबीत व्हायचा आहे. आपण आज घाई केली तर त्या माणसाला आपणच चोर ठरवल्यासारखे होईल."

खजिनदार म्हणाले, "ते राहू द्या. सहा मुलांची फी जानेवारीत भरायची आहे. सर, तुम्ही वर्गात शिकवता, तुम्हीच सांगा, त्या मुलांनी काय पाप केले?"

हा प्रश्न मोठा अवघड होता. त्या सहांपैकी दोघे माझ्याच वर्गात बसत होते. उत्तर दिले ते आमच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी. त्या म्हणाल्या, "आमच्या शाळेच्या शिपायाने निवृत्तीची सगळी रक्कम त्या पेढीत ठेवली होती. त्याची नात यंदा बारावीला आहे. तिने काय पाप केले, तेही सांगा."

वर्गात कोणी काही बोलेना. मग कोणीतरी म्हणाले, "दुप्पट व्याजाच्या लोभाने ठेवले ना? मग भोगू द्यात." हा युक्तिवाद पेढी बुडाली की हमखास ऐकू येतो, आणि तो उच्चारणाऱ्याला स्वतःविषयी फार बरे वाटते. लोभ हा दोष आहेच. पण लोभी माणसाचा खिसा कापला तरी त्याला खिसा कापणेच म्हणतात. शिवाय ज्याला निवृत्तिवेतन नाही, ज्याला मुलीचे लग्न उरकायचे आहे, त्याला दोन टक्के जास्त व्याजाचा मोह पडणे याला लोभ म्हणावे की हिशेब, हे ठरवण्याचा अधिकार त्याचाच पैसा हातात धरून बसलेल्यांना तरी नाही.

वकीलसाहेबांच्या शंकेत मात्र तथ्य होते. संशय म्हणजे निकाल नव्हे. पण पैसा न खर्चता बाजूला ठेवल्याने कोणावर चोरीचा शिक्का बसत नाही. पेढीचा मालक निर्दोष ठरला, तर मुलांची फी सहा महिने उशिराने भरली जाईल. तो दोषी ठरला आणि आम्ही तोवर पैसा संपवलेला असला, तर काय परत करणार? एक चूक दुरुस्त होण्यासारखी आहे, दुसरी नाही. संशयाच्या काळात माणसाने दुरुस्त होण्यासारखी चूक पत्करावी.

आणखी एक सूचना आली, आणि ती वरवर फार उदार होती. हा पैसा आपण सरळ एखाद्या अनाथाश्रमाला देऊन टाकू, म्हणजे आपले हात मोकळे! एफटीएक्सच्या बाबतीतही पुष्कळांना ही युक्ती सुचली होती. त्या पेढीकडून निवडणुकीसाठी पैसे घेतलेल्या काही राजकारण्यांनी तेवढीच रक्कम धर्मादाय संस्थांना देऊन टाकली. तेव्हा २०२२ च्या डिसेंबरात पेढीच्या नव्या कारभाऱ्यांनी जाहीर केले की, तुम्ही रक्कम दुसऱ्या कोणाला दिल्याने आमचा तुमच्यावरचा हक्क संपत नाही. बरोबरच आहे. रामाचे पैसे चुकून आपल्याकडे आले, ते आपण गोविंदाला दिले, तर गोविंदा दुवा देईल, पण रामाचे देणे फिटत नाही. यात दानाचे पुण्य पुन्हा आपल्याच पदरी पडते, हे तर आणखी वाईट.

मूळ देणाऱ्याकडे पैसा परत पाठवणे, हाही असाच फसवा प्रामाणिकपणा आहे. मनाला स्वच्छ वाटते, पण ज्याच्या हातून ठेवीदारांचा पैसा एकदा निसटला, त्याच्याच हाती तो पुन्हा द्यायचा, याला काय म्हणावे? गाय परत करायची ती गोठ्याच्या मालकाला, सोडून आणणाऱ्याला नव्हे.

अखेर ठराव झाला. एक लाख वीस हजार 'देणगी' या खात्यातून काढून 'अनामत' म्हणून वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि १९९९ च्या कायद्याप्रमाणे सरकार जो सक्षम प्राधिकारी नेमील, त्याच्या स्वाधीन करण्याची तयारी लेखी कळवावी. सहा मुलांच्या फीसाठी सभासदांनी आपापसांत वर्गणी काढली. पाचजणांची फी वेळेवर भरली गेली. एका मुलाची भरायला उशीर झाला, आणि तो त्या वर्षी परीक्षेला बसू शकला नाही. पुढल्या वर्षी तो बसला आणि पास झाला. पण प्रामाणिकपणा फुकट पडतो असे कोणी सांगू लागले की मला त्या मुलाचे गेलेले वर्ष आठवते. ती किंमत आम्ही ठराव करणाऱ्यांनी दिली नाही, त्याने दिली. म्हणूनच असे ठराव मान उंच करून मांडू नयेत, खाली घालून मांडावेत.

खर्च झालेल्या ऐंशी हजारांचा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. ज्या मुलांची फी त्यांतून गेली, त्यांच्याकडे मागायला जाणे हे कोणाच्याच मनात नाही, आणि नसावे. पण संस्था म्हणजे मुले नव्हेत. संस्थेला पुढची वर्षे आहेत, पुढच्या देणग्या आहेत. दर वर्षी दहा हजार बाजूला काढून आठ वर्षांत हे देणे फेडावे, असे बाईंचे म्हणणे आहे आणि माझे मत त्यांच्या बाजूने आहे.

हे फार पुस्तकी आहे असे कोणाला वाटेल, म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाला 'न्यू एरा' नावाची एक संस्था होती. तुम्ही आमच्याकडे काही महिने पैसे ठेवा, आमचे अनामिक दाते ते दुप्पट करून देतील, असे ती इतर धर्मादाय संस्थांना सांगे. अनामिक दाते कोणी नव्हतेच. मागाहून येणाऱ्यांच्या पैशांतून आधीच्यांचे दुप्पट होत होते. १९९५ च्या मे महिन्यात हा डोलारा कोसळला आणि पुढे चालकाला बारा वर्षांची शिक्षा झाली. ज्या संस्थांचे पैसे आधीच दुप्पट झाले होते, त्यांचा यात काही दोष नव्हता. तरी त्यांच्यातल्या अनेकींनी एकत्र येऊन आपला वरचा लाभ परत केला, आणि तो बुडालेल्या संस्थांना मिळाला. एफटीएक्सच्या बाबतीतही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाने साडेपाच लाख डॉलर परत करण्याचे २०२३ साली मान्य केले, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठानेही मिळालेल्या देणग्या परत करण्याचे जाहीर केले.

पुढे २०२४ च्या ऑक्टोबरात न्यायालयाने जी योजना मंजूर केली, तिच्यात एफटीएक्सच्या बहुतेक गिऱ्हाइकांना त्यांच्या २०२२ च्या हिशेबाहूनही थोडे अधिक मिळायचे ठरले. मग परत करणारे उगाच फसले का? मला तसे वाटत नाही. एक तर तो हिशेब पेढी बुडाली त्या दिवसाच्या पडत्या भावाने धरलेला होता. नंतर चढलेला भाव गिऱ्हाइकांना मिळाला नाही. दुसरे असे की, मालकाला पुढे दुसरीकडून भरपाई मिळेल, या आशेवर त्याची वस्तू आपण ठेवून घ्यावी, हे कोणत्या शाळेत शिकवतात?

आता प्रश्न येतो तो फार जुन्या पैशाचा. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा मी जेव्हा जेव्हा पाहतो, तेव्हा प्रेमचंद रायचंद यांची आठवण येते. कापसाच्या तेजीत मिळवलेल्या संपत्तीतून त्यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आईचे नाव दिले. १८६५ साली अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापूस घसरला, शेअरांचा बाजार कोसळला. त्यात ते स्वतः बुडाले, बँक ऑफ बॉम्बे बुडाली आणि असंख्य कुटुंबे धुळीला मिळाली. म्हणून मनोरा उतरवा, असे मी म्हणणार नाही. पैसा दिला तेव्हा देणारा बुडालेला नव्हता, आणि आज त्या दगडांवर हक्क सांगणारा पावतीवाला कोणी उरलेला नाही. जिथे गोठा सापडत नाही, तिथे गाईची सेवा करावी आणि तिची हकीकत विसरू नये, एवढेच आपल्या हाती असते. पण जिथे गोठा पलीकडच्याच गल्लीत आहे आणि मालक दोर घेऊन शोधत फिरतो आहे, तिथे इतिहासाचा आधार घेता येत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'शुभ लाभ' असे लिहितात. 'शुभ' हा शब्द 'लाभ' या शब्दाच्या आधी लिहिण्याची चाल ज्यांनी पाडली, त्यांना दोन्हींचा क्रम चांगला ठाऊक असला पाहिजे. यंदा आपल्या ओटीवर पावतीपुस्तक घेऊन कोणी आले, तर त्याला अवश्य काही द्या, चहाही द्या. आणि एखाद्या संस्थेच्या वह्या तुमच्या हाती असतील, तर नव्या वर्षी त्यांत अनामत खात्यासाठी एक पान कोरे ठेवा. ते कोरेच राहो, अशी माझी इच्छा आहे. पण ते असू द्या.